मागे तोंड केलेली सीट

जर्मनीतल्या एबरश्टाटच्या त्या गल्लीत दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन जुन्या गाड्यांच्या खिडक्यांत छोटी रंगीत कार्डं खोचून जायचं. ‘गाडी विकायची आहे? कुठल्याही अवस्थेत घेतो.’ खाली मोबाइल नंबर. प्रद्युम्न हर्डीकर सकाळी ब्रेड आणायला बाहेर पडले की आधी आपल्या गाडीतलं कार्ड काढायचे, मग काचेला लागून असलेल्या रबरावरून अंगठा फिरवायचे.

“गाढवं लेकाची. ओठ फाटतो ना रबराचा,” असं मराठीत पुटपुटायचे. ऐकायला कुणी नसायचं.

रबराला ओठ असतो हे त्यांना ठाऊक होतं, कारण आयुष्याची तीसेक वर्षं त्यांनी त्या ओठांवरच काढली होती. सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनियर होऊन ते पंच्याहत्तर साली डार्मश्टाटला शिकायला आले आणि मग जवळच्याच एका कारखान्यात लागले. गाड्यांच्या दारांना, काचांना, डिकीला बसवायची रबरी सील तिथे बनत. सांगलीत लोकांना वाटायचं, प्रद्युम्न मर्सिडीजचं इंजिन बनवतो. ते खुलासा करायचे, “अहो, इंजिन नाही. वारा आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.” लोकांना तो विनय वाटायचा.

गाडी एकोणऐंशी सालची, मर्सिडीजची २४० टीडी. रंग सॉसेजबरोबर देतात त्या मोहरीच्या चटणीचा. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका बेकरीवाल्याकडून त्यांनी ती जुनी म्हणून घेतली, तेव्हा चारुलताबाईंना सातवा महिना होता. कौमुदी जन्मली ती त्याच शरद ऋतूत, आणि दवाखान्यातून घरी आली ती याच गाडीतून. पुढे ती जराशी मोठी झाली आणि तिला गाडीतली आपली जागा सापडली. या स्टेशन वॅगनच्या डिकीत जमिनीखालून उघडून उभी करायची एक छोटी सीट होती, मुलांसाठी, मागे तोंड केलेली. सगळं जग पुढे बघत असताना कौमुदी मागे बघत बसायची. हर्डीकरांना आरशात तिचा भांग आणि दोन वेण्या दिसायच्या. मुलगी वयात येईपर्यंत आपण तिला बहुतेक पाठमोरीच पाहिली, असं ते पुढे कधीतरी म्हणाले होते. तेव्हा ते गमतीनं म्हणाले होते.

बहात्तर घोड्यांची ती संथ डीझेल. हायवेवर जो तो मागून येऊन पुढे जायचा. त्यामुळे मागून येणारी गाडी आधी कौमुदीला दिसायची.

“बाबा, कूपे येतेय!”

“कुठली?”

“२८०! नाही, थांब. २३०!” हे सगळं जर्मनमध्ये. बाबा मराठीत विचारणार, मुलगी जर्मनमध्ये उत्तर देणार, असा तो घरचा रिवाज पडून गेला होता.

गाड्या ओळखायला तिला शिकवलं होतं त्यांनीच. इतर मुलांना झोपताना गोष्ट मिळायची. कौमुदीला गाड्यांची वंशावळ मिळायची. आधी पोंटॉन, गुबगुबीत गालांची. मग मागे माशासारखे कल्ले फुटलेली. मग अडुसष्ट सालची ‘श्ट्रिख-आख्ट’, शिस्तीची, जिला अजून टॅक्सीवाले नावाजतात. तिच्या पोटी शहात्तर साली एकशेतेवीस, आपली गाडी ज्या पिढीतली ती. आणि तिच्या पाठची एकशेचोवीस, जी वाऱ्याला कमी अडते आणि जिला पुढे एकच वायपर आहे. एकशेतेवीसचं घर मोठं. थोरली सेडान, टॅक्सीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना चालणारी. मग कूपे, दोन दारांची, लाडावलेली. हिला मधला खांब नाही, म्हणून हिचं रबर बसवताना माणूस रडकुंडीला येतो. मग एक लांबलचक, हॉटेलांनी पाहुणे आणायला घेतलेली. मग टी, म्हणजे आपली. आणि सगळ्यात शेवटी एफ. एफला मागचं अंगच नाही. पुढचं तोंड आणि मागे उघडी चासी, एवढीच ती कारखान्यातून बाहेर पडते. मग दुसरे लोक तिच्यावर अॅम्ब्युलन्सचा डबा चढवतात.

कौमुदी सहा वर्षांची असेल. बेन्सहाइमहून परत येत होते. मागच्या सीटवरून आवाज आला, “अॅम्ब्युलन्स कुणासाठी असते, बाबा?”

हर्डीकर गिअर बदलत होते. “ज्यांच्याकडे गाडी नसते त्यांच्यासाठी.”

“अहो, काहीतरीच काय सांगता पोरीला!” चारुलताबाई हसल्या.

“खोटं काय त्यात? अण्णांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा कुणाची वाट बघत बसलो होतो का आपण? समोरच्या वकिलांची फियाट होती, घातलं त्यांना आणि नेलं मिरजेला. वाचले ना?”

वाचले होते. हर्डीकरांचे वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्यांच्या सांगलीत माणूस पडला की आधी गाडी कुणाच्या दारात आहे ते बघायचे. ज्याची गाडी, त्याचा तो मान. आपल्या दारात आता स्वतःची गाडी आहे, दुसऱ्याचं दार ठोठावावं लागत नाही, याचं समाधान हर्डीकरांना पुढेही बरीच वर्षं वाटत राहिलं.

या गाडीचा आणखी एक रिवाज होता. जुनं डीझेल इंजिन किल्ली फिरवली की लगेच सुरू होत नाही. अर्धी किल्ली फिरवायची. एक पिवळा दिवा लागतो. आत सिलिंडर तापत असतात. दिवा विझेपर्यंत थांबायचं. थंडीत पाऊण-एक मिनिट जातं. कारखान्यातले लोक याला, या इंजिनाचा शोध लावणाऱ्या रुडॉल्फ डीझेलच्या स्मरणार्थ मौन म्हणत. हर्डीकरांनी ही थट्टा घरी आणली आणि तिचा नियम झाला. दिवा लागला की कुणी बोलायचं नाही. चारुलताबाई तेवढ्यात डोळे मिटून मंगलमूर्तीचं नाव घेऊन टाकायच्या. कौमुदी मागे तोंड दाबून खुदखुदायची. दिवा विझायचा, इंजिन खडखडायचं आणि तिघं एकदम बोलायला लागायची.

कौमुदी शिकली, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नोकरीला गेली. हर्डीकर निवृत्त झाले. गाडीला तीस वर्षं झाली तेव्हा तिला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळाली, आकड्यांच्या शेवटी एच. त्या दिवशी चारुलताबाईंनी शिरा केला आणि म्हणाल्या, “माझी पण तिशी उलटली या देशात. मला कुणी एच देत नाही.”

“तुला तपासायला माणूस बोलवावा लागेल,” हर्डीकर म्हणाले. “मूळ भाग सगळे जागेवर आहेत का ते बघतात.”

“दाढा सोडून सगळे आहेत म्हणावं.”

दोन हजार तेराच्या जानेवारीतला तो शनिवार. सकाळचे दहा वाजत आले होते. चारुलताबाई पोहे भिजवत होत्या. चाळणी खाली पडल्याचा आवाज झाला म्हणून हर्डीकर स्वयंपाकघरात गेले, तर त्या ओट्याला धरून उभ्या होत्या आणि तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. शब्द झाला नाही.

“काही नाही, काही नाही. बस तू. मी नेतो. वीस मिनिटांत पोचू.” त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. चारुलताबाईंनी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो धरला, कोटाच्या बाहीत घातला, मग दुसरा, लुळा, तोही घातला. त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीपर्यंत आणलं.

कुंपणापलीकडे शेजारच्या फ्राउ केसलर बर्फ ओढत होत्या. फावडं टाकून पुढे आल्या. “हेर हर्डीकर! काय झालं? एकशेबाराला फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवू?”

“नको, नको. गाडी आहे,” हर्डीकर म्हणाले.

किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला. चारुलताबाई शेजारी होत्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. त्या समोर, दिव्याकडे बघत होत्या. बाहेर फ्राउ केसलर अजून तिथेच उभ्या होत्या, हातमोजा तोंडावर धरून. हर्डीकरही बोलले नाहीत. इतक्या वर्षांची सवय. दिवा विझला आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

शनिवारचा बाजार होता. ट्रामच्या मागे रांगत जावं लागलं. दवाखान्यात ते नेहमीच्या, माहितीच्या दाराशी गेले. तातडीच्या रुग्णांचं दार इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. सगळी मिळून एकेचाळीस मिनिटं लागली. तरुण डॉक्टरनं विचारलं, कधी सुरू झालं, आणि आलात कशानं. हर्डीकरांनी सांगितलं. डॉक्टरचं पेन क्षणभर थांबलं, मग त्यानं लिहिलं. नंतर कुणीतरी शांतपणे समजावलं, की अॅम्ब्युलन्सबरोबर डॉक्टर घरी येतो, उपचार स्वयंपाकघरातच सुरू होतात, वाटेतून फोन जातो आणि इथे माणसं दारात तयार असतात. समजावणाऱ्याच्या आवाजात दोष नव्हता. चारुलताबाई नवव्या दिवशी गेल्या.

कौमुदीला सगळं फ्राउ केसलरकडून कळलं. दिवसकार्य उरकून ती निघाली तेव्हा बॅग घेऊन गाडीपाशी थांबली. हर्डीकरांना वाटलं, ती बसणार. ते किल्ली काढायला लागले.

“जोवर ही गाडी इथे उभी आहे,” ती जर्मनमध्ये म्हणाली, “तोवर मी या घरात पाय ठेवणार नाही.” आणि चालत ट्रामच्या थांब्याकडे गेली.

दोन वर्षं तिनं शब्द पाळला. वाढदिवसाला मेसेज यायचा. फोन उचलायची नाही.

मग गाडी विकली का नाही? हे हर्डीकरांना त्यांचा फ्रँकफर्टचा मित्र हरीश आणि त्याची बायको प्रभा दर महिन्याला विचारायचे. हर्डीकर म्हणायचे, बघू. म्हणायचे, अशा गाड्या आता राहिल्या किती. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते असं होतं, की दर रविवारी दहाला ते गाडीत जाऊन बसायचे. बॅटरी उतरू नये म्हणून. शेजारच्या सीटला अजून बसलेल्या माणसाचा खोलगट आकार होता. कप्प्यात आवळासुपारीची अर्धी पुडी आणि चष्म्याचं फडकं होतं. ते अर्धी किल्ली फिरवायचे आणि दिवा लागायचा. आणि दिवा पेटलेला असेपर्यंत अजून काहीच ठरलेलं नसायचं. अजून किल्ली काढून घेता येत होती. अजून काच खाली करून फ्राउ केसलर यांना हो म्हणता येत होतं. मग दिवा विझायचा. ते इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे, धूर कुंपणापलीकडे जायचा, आणि ते बंद करून वर यायचे. त्या एका मिनिटासाठी त्यांचा आठवडा उभा असायचा.

दोन हजार पंधराच्या फेब्रुवारीत हरीशचा फोन आला.

“प्रद्युम्ना, बसलायस ना? कौमुदीला मे महिना सांगितलाय.”

“कसला?”

“कसला म्हणजे? आजोबा होतोयस, गाढवा! तिनं प्रभाला सांगितलं. तुला सांगायचं की नाही यावर आमच्या घरात तीन दिवस भांडण चाललंय.”

हर्डीकरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतोयस? त्या खटाऱ्यापायी नातवंडाचं तोंड बघणार नाहीस का? अरे, पोरीनं एकच गोष्ट मागितली. काढून टाक तो पत्रा दारातून.”

“पत्रा जाड आहे तिचा,” हर्डीकर म्हणाले. नेहमीचा विनोद. हरीश हसला नाही.

गाडी बघायला ओडेनवाल्डमधून हेर त्सीग्लर नावाचे गृहस्थ आले. पेशानं दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे एकशेतेवीसची सेडान होती, कूपे होती, लांबलचकही होती. टी राहिली होती.

“आणि एफ?” हर्डीकरांच्या तोंडून गेलं.

“आख्, अॅम्ब्युलन्स! ती बायको घरात घेऊ देणार नाही,” हेर त्सीग्लर हसत म्हणाले आणि मागचं दार वर करून गुडघ्यावर बसले. “हे रबर मूळचं?”

“तिसरं. पण याचं माप माझ्या टेबलावरून गेलंय.”

त्सीग्लरनी टोपी काढली. मग डिकीची जमीन उचलली आणि ती छोटी सीट उभी केली. “मुलांची सीट! ही बहुतेकांत नसतेच. हिच्यामुळेच गाडी पूर्ण होते.” सीटच्या पाठीमागच्या पत्र्यावर कुणीतरी पिननं ओळीत खरवडलं होतं: २००, २३० सी, ३०० डी. त्यांनी अंगठ्यानं घासून पाहिलं. “हे रंगवून घेता येईल. का विकताय, विचारू?”

“मुलगी येणार आहे घरी.”

“हां, गेनाऊ, अगदी बरोबर. आजकालच्या मुलांना नव्या गाड्या लागतात.”

हर्डीकरांनी किल्ली दिली. “दिवा विझेपर्यंत थांबायचं. आणि बोलायचं नाही,” ते म्हणाले. त्सीग्लरना ती थट्टा माहीत होती. ते खूश झाले, बसले, अर्धी किल्ली फिरवली आणि काच खाली करून परतीचा रस्ता कुठून घेणार ते सांगायला लागले. दिवा विझला तेव्हा ते बायको कशी चिडेल यावर आले होते. कप्प्यातली पुडी आणि फडकं हर्डीकरांच्या खिशात होतं. गाडी कोपऱ्यावर वळली. त्यांना ती मागून जाताना दिसण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्यांनी मेसेज केला, ‘गाडी गेली.’ तीन दिवसांनी उत्तर आलं: शनिवारी दोन वाजता.

कौमुदी आली. केस कापले होते, चालणं जड झालं होतं. तिनं दारात थांबून रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग आत पाऊल टाकलं. हर्डीकरांनी उपमा केला होता, आईच्या पद्धतीनं, म्हणजे शेंगदाणे घालून. तिनं निम्मा खाल्ला. आईची गोधडी आणि एक फोटो मागितला. त्यांनी दोन्ही बांधून ठेवलेलंच होतं.

“खरंच विकलीस,” ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली.

“तू म्हणाली होतीस ना.”

“हो. म्हणाले होते.” पुढचं ती मराठीत बोलली, मोडकं, शब्द शोधत. “बाबा, गाडीनं काय केलं होतं?”

हर्डीकर तिची बशी उचलायला लागले. तिनंच पुढे विचारलं,

“सुरू झाली होती ना लगेच?”

“पहिल्याच फटक्यात.”

“मग?” मग ती परत जर्मनवर गेली. “मी दोन वर्षं स्वतःला सांगत होते, ती गाडी नसती तर. आता नाहीये ती. मी ट्राममधून उतरले, ती जागा पाहिली, आणि मला काहीच वाटलं नाही. तुला आठवतं, मी विचारलं होतं, अॅम्ब्युलन्स कुणासाठी असते?”

हर्डीकरांनी मान हलवली.

“मी तुझं उत्तर शाळेत सांगितलं. सगळे हसले. बाईंनी मग फळ्यावर मोठ्ठा आकडा लिहिला, एकशेबारा. मी घरी येऊन आईला शिकवला, दोघींनी पाठ केला. आईला माहीत होता, बाबा. म्हणजे तिला माहीत होतं काय करायचं ते. मला फक्त एवढंच कळत नाही, तिला खुणेनंही...”

हर्डीकरांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही त्यांनी ते रविवारच्या त्या मिनिटातच, तेही बाजूनं, पाहू दिलं होतं. सांगितलं नसतं तर मे महिन्यात त्यांना बोलावणं आलं असतं, कदाचित.

“तिनं हात पुढे केला होता,” ते म्हणाले. “उजवा. खुंटीशेजारी फोन आहे ना. मला वाटलं, कोट मागतेय. मी तो बाहीत घातला.”

कौमुदीनं भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं. मग खुंटीकडे. दोन्हींच्या मध्ये वीतभर अंतर होतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. गोधडीची पिशवी उचलली. हर्डीकर सवयीनं उठले, खुंटीवरचा तिचा कोट काढून तिच्यामागे धरून उभे राहिले. तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि भिंतीला टेकून, पोट सांभाळत, स्वतःचा स्वतः घातला. एक बाही सापडायला वेळ लागला. ते तसेच उभे होते.

थांब्यापर्यंत ते बरोबर चालले. ट्राम समोरून येताना दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, “मे महिन्यात...”

“कळेल तुला.”

“हरीशकडून?”

“प्रभाकाकू सांगतील.”

तिला बसायला जागा मिळाली, अगदी शेवटी, पुढे तोंड केलेली. काचेतून त्यांना तिचा भांग दिसला. वेण्या नव्हत्या. ट्राम हलली आणि थोड्या वेळानं भांगही दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहा वाजता हर्डीकर खाली आले. रिकाम्या जागेत डीझेलचा जुना डाग होता आणि त्याच्याभोवती गाडीच्या आकाराची फिकट फरशी. ते कडेला उभे राहिले. हात खिशात घातला, तर पुडी लागली. किल्ली गेली होती. दिवा आता कुठे लागणार नव्हता, आणि त्यांना आत जाऊन बसता येईल असं ते मिनिट आता कुठेही नव्हतं.

कुंपणापलीकडून फ्राउ केसलर यांनी हात केला. “गुटेन मॉर्गेन, हेर हर्डीकर! आज हवा किती स्वच्छ आहे, नाही?”

“हो,” हर्डीकर म्हणाले. “स्वच्छ आहे.”